जवारी

रात्रीचे सव्वादोन. मिशन हॉस्पिटलच्या मागची लॅब.
काचपट्टीवर माझ्याच बापाचं रक्त,
जांभळा रंग चढवून, धुऊन, वाळवून.
शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या,
प्रत्येकीला यंत्राची एक टक.
घरच्यांचं सँपल दुसऱ्यानं बघावं असा नियम आहे.
दुसरा म्हणजे विनायक आवटी,
तोही तापानं आडवा.

चार दिवस झाले.
आयर्विन पुलाखालचं पाणी लिहितात तसा
अम्मी वहीत ताप लिहिते:
एकशे दोन, एकशे तीन, पुन्हा एकशे दोन.
काखेत अवधाण आलंय लिंबाएवढं.
अब्बा म्हणतात, कुठं लागलं नाही, खरचटलं नाही,
मग गाठ कशाची?
मी म्हणते, आत कारखाना चालू आहे.
कारखाना म्हटलं की त्यांना पटतं.

पहिल्या रात्रीचं मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलं होतं.
विषाणू एका पेशीत शिरला,
तिच्याच हत्यारांनी स्वतःच्या नकला कोरू लागला.
बुडता बुडता तिनं
भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारली,
बाई, कडी लाव.
तिनं लावली. पुढचीला सांगितलं.
गल्लीभर कड्या वाजल्या
आणि अब्बांचं सारं अंग मोडून आलं.

मग गस्तवाल्या.
प्रत्येक पेशी आपल्या दारात
आतल्या मालाचा एक तुकडा मांडून ठेवते.
तो चाचपत फिरायचं,
अनोळखी लागला की सांगायचं, आता तू मीट.
ती मिटते. भांडत नाही.
माझ्या फॉर्मवर अशांसाठी रकाना नाही.

भिंगाखाली एक सापडते,
नेहमीपेक्षा दुप्पट, निळसर पदर पसरलेली,
शेजारच्या लाल पेशीला कडेकडेनं बिलगलेली.
टक.
आणखी एक.
टक.

आणि त्या गाठीत?
गाठीत अब्बाच बसलेत असं मला वाटतं,
मांडीवर सतार, हातात कानस.
घोडीवरून एकदा हात फिरवायचा,
तार चढवायची, छेडायची,
नाही.
तार उतरवायची, केसाएवढं आणखी घासायचं.
दुपार सरते. गिऱ्हाईक तिसरा चहा पिऊन निघून जातं.
जास्त घासलं गेलं तर घोडी टोपलीत,
टोपली कधी रिकामी पाहिली नाही मी.
आणि मग केव्हातरी तार अशी बोलते
की उंबऱ्यावरचं मांजर मान वर करतं.
तो आकार.
या एकाच विषाणूच्या खाचेत बसणारा.
मग त्याच्याच लाखो प्रती
रक्तात सोडायच्या, रात्रंदिवस.

लहानपणी विचारायचे,
झालं हे कसं कळतं हो तुम्हाला?
झालेलं कळत नाही, म्हणायचे,
चुकलेलं कळतं.

शंभर भरल्या. त्यांत चौतीस तशा.
रिपोर्टात त्यांना अर्धी ओळ मिळते.
ती लिहिते, सही करते,
काचपट्टी मात्र टाकून देत नाही.

सातव्या दिवशी अब्बांनी आमटी-भात मागितला, मग चष्मा,
मग भिंत धरत धरत दुकानात गेले.
छताला भोपळे टांगलेले,
आठवडाभराची धूळ सगळ्यांवर.
मी मागे स्टूल घेऊन उभी. सांगत होते,
की त्या सगळ्या जात नाहीत, अब्बा.
काही थांबतात, तरफेसारख्या,
वरच्या तारांखाली, कुणी न छेडलेल्या.
वर्षं जातात.
आपला सूर कुठं वाजला की आपणहून थरथरतात.

त्यांनी बोटानं एक तरफ चाचपली.
तरफ पण उतरते, बेटा.
हवा बदलली की उतरते.

आणि खाली बसून,
हात अजून कापत असताना,
खुंटी पिळू लागले.